वर जाऊ दिऊ नको

आधीच सांगून टाकते. मी जळगावातल्या एका शाळेत आठवी-नववीला विज्ञान शिकवते, सतरा वर्षं झाली. दरवर्षी एक तास मी मुद्दाम राखून ठेवते. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी टाकून मुलांना 'रक्त' करून दाखवते, आणि सांगते की कुणी बुवा असं काही करताना दिसला तर घाबरायचं नाही, हसायचं. त्यामुळे इथे लोक जे अनुभव लिहितात ते मी आजवर चहा पिता पिता वाचत आले, गंमत म्हणून. स्वतः लिहायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं. यंदाचा तो तास मी घेतलेला नाही… हेही सांगून टाकते.

माझं माहेर धरणगावचं. धाकटा भाऊ संदीप धुळ्याला राहतो, हायवेवर सोनगीरच्या अलीकडे त्याचं ट्रकच्या टायरचं दुकान आहे. मागच्या वर्षी जूनमध्ये आमचं वाजलं. विषय आईचा. संदीपला तिला धुळ्याला न्यायचं होतं, आईला धरणगाव सोडायचं नव्हतं, आणि मी आईच्या बाजूने जरा जास्तच बोलले. त्यानंतर सात महिने आम्ही एकमेकांचा आवाज ऐकला नाही. राखीला मी पाकीट पोस्टाने पाठवलं, त्याने अंगठ्याचं चित्र पाठवलं. एवढंच.

डिसेंबरमध्ये त्याने अचानक एक व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. नाव 'चला बर्फात'. आम्ही दोघं नवरा-बायको, तो आणि त्याची बायको मनीषा, आणि त्याच्या मित्रांची दोन जोडपी. मुलं आजीकडे ठेवायची आणि जानेवारीच्या शेवटी मनालीला स्कीइंग करायला जायचं! आमच्याकडे मे महिन्यात डांबर वितळतं, आमच्यातल्या कुणी बर्फ पाहिला असेल तर तो उसाच्या रसात. पण संदीपने मोबाइलवर कुठेतरी स्कीइंग पाहिलं होतं आणि ते त्याच्या डोक्यात बसलं होतं. ग्रुपवर त्याने लिहिलं, "घर शोधायचं काम अक्काकडे. तिची हिंदी चांगली आहे." मला थेट मेसेज नाही, फोन नाही. पण हा त्याचा मनधरणीचा प्रकार होता, ते मला कळलं. मी लगेच कामाला लागले.

हॉटेल नको, आठ जणांना एकत्र राहता येईल असं अख्खं घर पाहिजे, असं ठरलं होतं. तीन-चार ठिकाणी फोन केले. एक घर फोटोत आवडलं. सोलंगच्या स्कीइंगच्या उतारापासून जवळ, एका लहान गावात, लाकडी, दुमजली. खाली तीन खोल्या आणि मोठा हॉल, वर एकच खोली, समोरची भिंत पूर्ण काचेची. मालक कुणी ठाकूर.

त्यांना फोन केला तो डिसेंबरमधलाच एक मंगळवार होता. दुपारी पावणेतीन, माझा ऑफ तास. स्टाफरूममध्ये मी आणि सुरेखा मॅडम, दोघीच. त्या वह्या तपासत होत्या. ठाकूरजींनी फोन उचलला, सभ्य बोलणं. गीझर आहे का, बस कुठे सोडेल, स्की तिथेच भाड्याने मिळतात का, असं सगळं विचारून झालं. मग मध्येच खरखर झाली, जरा वेळ काहीच ऐकू आलं नाही, आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला.

"कोनता गावनी शे माय तू?"

मला वाटलं, त्यांनी फोन घरातल्या कुणाकडे तरी दिला. पण अहिराणी? मनालीच्या वर? मी इतकी चकित झाले की आपोआप तशीच बोलायला लागले. "धरणगावनी. तुम्ही?"

"मी बी तठलीच," म्हणाली, मीही तिथलीच. आणि हसली. "कितला दिन व्हई ग्यात, आपलं कोनी बोलनंच नही."

आमच्या घरी, म्हणजे सासरी, अहिराणी बोलत नाहीत. शाळेत तर प्रश्नच नाही. आईशी बोलतानाही माझी अर्धी भाषा आता शहरातली झालीय. त्या दुपारी मात्र जीभ अशी सैल सुटली की विचारू नका. ती विचारत होती, मी सांगत होते. कापूस येचाई गया का बठ्ठा, म्हणजे सगळा वेचून झाला का? नही, आखो चालू शे, अजून चालूच आहे. यंदा थंडी कशी शे? ती म्हणाली, इथे तर हात चालत नाहीत थंडीने. अगदी साधं बोलणं. मी हसत होते हे मला आठवतं.

मग ती म्हणाली, "तुनासंगे धाकला भाऊ येई राह्यना ना?"

"हां."

"त्याले वर जाऊ दिऊ नको."

मी विचारलं, "काबर?"

"तो आयकाव नही," ती म्हणाली, तो ऐकणार नाही. "पन तू जाऊ दिऊ नको."

पुन्हा खरखर. आणि लगेच ठाकूरजी, "हाँ मैडम, बोलिए."

मी काय करावं? मला वाटलं, घरातल्या आजीबाई आहेत, वरच्या खोलीचा जिना निसरडा असेल, नाहीतर काहीतरी मोडलं असेल आणि मालक सांगत नसेल. मी ठाकूरजींना म्हटलं, "ऊपर वाला कमरा हमें नहीं चाहिए." ते म्हणाले, घर तर पूरा ही मिलेगा, नको असेल तर बंद ठेवू.

फोन ठेवला तर सुरेखा मॅडम माझ्याकडे बघून हसत होत्या. "माहेरचा फोन का? किती गोड बोलता हो तुम्ही अहिराणी. कधी ऐकली नव्हती."

"मनालीचा होता," मी म्हटलं. दोघी हसलो.

भाऊ बरोबर येणार आहे, तोही धाकटा, हे मी त्या फोनवर कुणालाही सांगितलं नव्हतं. हे माझ्या लक्षात आलं संध्याकाळी, भाजी निवडताना. मग मी मनाची समजूत घातली, सांगितलं असेल बोलण्याच्या ओघात. सतरा वर्षं विज्ञान शिकवलेलं माणूस असंच करतं. पण तेव्हापासून ती एक चुळबूळ सुरू झाली ती काही थांबेना.

जळगाव स्टेशनवर संदीप भेटला. जरा उतरलेला वाटला, पण हसला. माझी बॅग उचलली आणि म्हणाला, "अक्का, सात महिन्यात वजन वाढवलं का बॅगेत दगडं भरली?" झालं, समेट झाला. दिल्लीपर्यंत गाडीत शेव-मुरमुरे, पत्ते, आणि तोच सगळ्यात मोठ्याने बोलणारा.

सकाळी त्या घरी पोचलो. ठाकूरजी पन्नाशीचे, शांत माणूस. मागच्या छोट्या घरात ते एकटेच राहतात. बायको मुलीच्या शिक्षणासाठी कुल्लूला राहते. चहा झाल्यावर मी विचारलं, "माताजी कहाँ हैं?"

"कौन माताजी?"

"वही, जो फोन पर… हमारे उधर की."

त्यांना काही कळेना. त्यांची आई जाऊन बरीच वर्षं झाली, आणि ती बिचारी कधी हिमाचलबाहेरसुद्धा गेली नव्हती. आमच्या भागातलं कुणी त्या गावात नाही, कधी नव्हतं. हे ऐकताना माझा नवरा हेमंत माझ्याकडे 'आता पुरे' अशा नजरेने बघत होता, म्हणून मी विषय सोडला.

तेवढ्यात संदीप वरच्या खोलीची किल्ली घेऊन निघालेला. काचेतून पूर्ण डोंगर दिसतो, मी आणि मनीषा वर राहणार, म्हणाला.

"वर नाही राहायचं," मी म्हटलं.

"का बरं?"

"मी सांगते म्हणून."

त्याच्या मित्रांसमोर हे बोलायला नको होतं. सगळे हसले, कुणीतरी म्हणालं की अक्कांना स्वतःला ती खोली पाहिजे. संदीपचा चेहरा उतरला. "तुले काय व्हयनं अक्का?" हळूच म्हणाला. मी ऐकलं नाही, अडूनच बसले. शेवटी चार जोडपी तीन खोल्यांत मावेनात म्हणून बायका खोल्यांत आणि पुरुष हॉलमध्ये गाद्या टाकून, अशी व्यवस्था झाली. भाड्याने घेतलेल्या घरातली सगळ्यात सुंदर खोली माझ्यामुळे बंद राहिली.

दुपारी मी एकटी वर जाऊन बघून आले. जिना पक्का, खोली लख्ख. ऊन अंगावर येत होतं. पलंग, दोन जाड रजया, काचेपलीकडे पांढरा डोंगर. मी दहा मिनिटं पलंगावर बसून राहिले, काहीतरी वाटेल, जाणवेल म्हणून. काही नाही. एखादी पडकी-बिडकी खोली असती तर बरं झालं असतं. ती इतकी छान होती की माझं मलाच कसंतरी झालं… मी कशापायी सगळ्यांची सहल नासवतेय?

दुसऱ्या दिवशी सकाळी उतारावर. भाड्याचे रंगीबेरंगी सूट, पायात ते लोखंडासारखे बूट. पहिला तास आम्ही फक्त पडलो. हेमंत एकदा असा सरळ मागे घसरत गेला की शिकवणारा मुलगाच त्याच्यामागे धावला. मनीषा तर बसूनच खाली आली. आणि संदीप! त्याला ते जमायला लागलं. गुडघे वाकवून, काठ्या टोचत, बऱ्यापैकी लांब जायचा, थांबायचा, दम खायचा आणि आमच्याकडे हात करायचा. मला इतकं बरं वाटलं ते बघून. आदल्या दिवसाचं भांडण विसरले.

अकराच्या सुमाराला शिकवणारा म्हणाला, ज्यांना जमतंय त्यांनी रोपवेने वरच्या उतारावर यायला हरकत नाही. मित्र तयार झाले. संदीपने स्की खांद्यावर घेतल्या आणि जाता जाता मला म्हणाला,

"अक्का, मी वर जाई राह्यनू."

मला हे नीट सांगता येणार नाही. 'वर' हा शब्द ऐकला आणि कानात त्या बाईचा आवाज जसाच्या तसा आला. तिने खोली म्हटलंच नव्हतं. खोली मी म्हटलं होतं. ती फक्त 'वर' म्हणाली होती.

मी धावले. त्या बुटांत धावता येत नाही, पडत-उठत गेले आणि रोपवेच्या रांगेत त्याच्या जॅकेटचा पट्टा धरला. "तू जायचं नाही."

"आता काय?"

"जायचं नाही, संदीप."

"काल खोली, आज हे! सात महिने तू बोलली नाहीस, आणि आता मी श्वास कुठे घ्यायचा तेही तूच ठरवणार?"

रांगेतले लोक वळून बघत होते. मनीषा म्हणत होती, ताई सोडा ना, ताई, सगळे बघताहेत. मी सोडलं नाही. बर्फात खाली बसले, पट्टा दोन्ही हातांत, त्रेचाळीस वर्षांची बाई. शाळेतल्या कुणी मला त्या अवस्थेत पाहिलं असतं तर… जाऊ द्या. मी रडत होते आणि का रडतेय ते मला सांगता येत नव्हतं. सांगण्यासारखं कारण असं काही नव्हतंच माझ्याकडे.

संदीपने शेवटी हातमोजे काढून बर्फावर आपटले आणि मॅगी-चहाच्या टपरीकडे निघून गेला. मित्र वर गेले. मनीषा त्याच्यामागे गेली, मग थोड्या वेळाने सूट परत करायला गेली.

अर्धा तास झाला असेल. संदीप माझ्याकडे पाठ करून बाकावर बसला होता. मी लांबून बघत होते. त्याचा हात सारखा जबड्याकडे जात होता. दात दुखल्यावर चोळतो तसा. मग खांद्याकडे. मी जवळ गेले तर त्याच्या कपाळावर घाम. त्या थंडीत, घाम!

"काय होतंय?"

"काही नाही. गॅस शे अक्का."

हेमंतने टॅक्सी बोलावली. मनालीच्या दवाखान्यात ईसीजी काढला, इंजेक्शन दिलं आणि लगेच अँब्युलन्सने खाली कुल्लूला पाठवलं. हार्ट अटॅक होता. वय एकोणचाळीस. संध्याकाळपर्यंत स्टेंट बसला. डॉक्टरांनी विचारलं, त्रास सुरू झाला तेव्हा पेशंट कुठे होता? मी म्हटलं, खाली, चहाच्या टपरीवर. ते म्हणाले, "अच्छा हुआ. ऊपर होते तो…" आणि वाक्य तसंच सोडून दुसऱ्या पेशंटकडे गेले.

गोष्ट इथे संपली असती तर मी ती अभिमानाने सांगितली असती. पण दोन गोष्टी आहेत.

पहिली, मनीषा जे बोलली ती. दुसऱ्या दिवशी सकाळी, कॉरिडॉरमध्ये, डोळे सुजलेले. रागाने नाही, अगदी सहज म्हणाली, "ताई, तुम्ही इतकं भांडला नसता तर त्यांना हे झालं असतं का?" मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही. नळी आधीच खूप बंद होती, श्रमानेही होऊ शकलं असतं, रागानेही, झोपेतही. म्हणजे बघा, त्या आवाजाने माझ्या भावाला वाचवलं, की त्या आवाजाचं ऐकून मीच त्याला त्या बाकावर आणून बसवलं? मनीषाने नंतर माझी माफी मागितली, पण प्रश्न काही परत घेता येत नाही.

दुसरी गोष्ट ठाकूरजींची. ते डबा घेऊन हॉस्पिटलमध्ये यायचे, रोज. परके लोक आम्ही. तिसऱ्या दिवशी बाहेर उन्हात बसलो असताना मी त्यांना विचारलं, त्या दिवशी आपला फोन झाला तेव्हा तुम्ही मध्ये कुणाला दिला होता? ते म्हणाले, कुणालाच नाही. मोबाइल माझ्याच हातात होता, मी शेगडीपाशी एकटा होतो.

"मैडम, आप ही बीच में किसी से बात करने लगीं. अपनी भाषा में. मुझे लगा घर में कोई आया होगा. आप बहुत हँस रही थीं, तो मैंने काटा नहीं. होल्ड करके बैठा रहा."

"कितनी देर?"

"चार-पाँच मिनट."

"और दूसरी आवाज़?"

ते जरा विचार करून म्हणाले, "नहीं. सिर्फ आप."

म्हणजे मला वाटलं त्यांच्या बाजूला कुणीतरी आहे, आणि त्यांना वाटलं माझ्या बाजूला. जळगावला आल्यावर सुरेखा मॅडमना विचारलं. त्यांनी शपथेवर सांगितलं की स्टाफरूममध्ये आम्ही दोघींशिवाय कुणी नव्हतं, आणि फोन पूर्ण वेळ माझ्या कानाला होता. माझ्या मोबाइलमध्ये त्या दिवशी त्या नंबरवर एकच कॉल दिसतो, अकरा मिनिटांचा. तुम्ही विचारालच म्हणून सांगते, रेकॉर्डिंग नाही. ते सुरू केलं की मोबाइलच मोठ्याने 'कॉल रेकॉर्ड होत आहे' म्हणतो, म्हणून मी ते कधीच बंद केलंय.

हेमंतचं म्हणणं सरळ आहे. तू भावाची तब्येत कुठेतरी टिपली असणार, त्याची धाप, त्याचा रंग, आणि तुझ्या मनाने ते असं बोलून दाखवलं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. पण त्या फोनच्या आधी सहा महिने मी संदीपला पाहिलेलं नव्हतं, आवाज ऐकलेला नव्हता. आणि संदीपने घरी आल्यावर कबूल केलं की सहलीला निघायच्या पंधरा दिवस आधीपासून टायर उचलताना त्याच्या छातीत भरून यायचं. तो गॅसच्या गोळ्या खायचा. मनीषालाही बोलला नव्हता. पंधरा दिवस आधी… म्हणजे माझा फोन झाला त्याच्याही नंतर. मी फोनवर बोलत होते तेव्हा त्याला स्वतःलाच काही माहीत नव्हतं.

धरणगावला जाऊन आईला सगळं सांगितलं. असा आवाज, असं बोलणं, आपल्या गावची कुणी म्हातारी तिकडे दिलेली होती का? आईने खूप आठवून पाहिलं. "आपला गावनी कोनी पोर तितली दूर देयेल नही," म्हणाली. मग शेजारच्या दोन जुन्या बायकांना विचारून आली. कुणाला काही माहीत नाही. मलाही आता वाटतं की तिचं नाव तरी विचारायला हवं होतं. चार-पाच मिनिटं बोलले, कापसाचं सांगितलं, थंडीचं सांगितलं, आणि नाव विचारलं नाही.

संदीप आता बरा आहे. दुकानावर बसतो, टायरला हात लावत नाही. आई महिनाभर धुळ्याला त्याच्याकडे राहून आली, स्वतःहून. आम्ही दोघं रोज बोलतो. एकदा त्याने मला विचारलं, "अक्का, तिनी मनं नाव लिधं व्हतं का?" तुझं नाव नाही घेतलं, धाकला म्हणाली, असं सांगितलं.  मग तो टायरच्या ट्रकबद्दल काहीतरी बोलायला लागला.

मार्चमध्ये, परीक्षेच्या दिवसांत, मी एका मंगळवारी स्टाफरूममध्ये बसून पुन्हा तो नंबर लावला. दुपारचे पावणेतीन. ठाकूरजींनी उचलला. भाई साहब कैसे हैं, विचारलं. ठीक आहेत म्हटलं. मग मला पुढे काही सुचेना. कशासाठी फोन केला हे मी सांगू शकत नव्हते, आणि त्यांनीही विचारलं नाही.  मग तो भला माणूस हळूच म्हणाला,

"मैडम, मैं होल्ड करूँ?"

मी हो म्हटलं. फोन कानाला तसाच धरून बसले. खिडकीबाहेर मुलांचा पेपर सुटला, घंटा झाली, मैदानात आरडाओरडा सुरू झाला. तिकडे लांब कुठेतरी भांडं ठेवल्याचा आवाज आला, आणि ठाकूरजींचा श्वास. चार मिनिटं, पाच मिनिटं. दुसरं कुणी बोललं नाही. ते काहीच न बोलता थांबले होते, आणि शेवटी मीच फोन ठेवला.